डीफ्रॉस्ट करताना चिकनच्या कडा शिजतात, मध्ये बर्फ तसाच! शिवाय आत ठिणग्या उडताहेत

कोथिंबीरवडी:

२३ लिटरचा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह आहे, मायक्रोवर ८०० वॅट लिहिलंय. फ्रीजरमधलं अर्धा किलो चिकन फुल पॉवरवर ५ मिनिटं ठेवलं तर कडा पांढऱ्या पडून शिजायला लागतात आणि मधला गोळा दगडासारखा राहतो. ऑटो डीफ्रॉस्ट लावलं तर थोडं बरं, पण तंगड्यांची टोकं तरीही शिजतात. मॅरिनेट करून ठेवलेल्या चिकनचं तर आणखीच वाईट होतं. पॉवर नक्की किती ठेवायची आणि वेळ किती?

दुसरं, आतल्या उजव्या भिंतीजवळ अधूनमधून चटचट आवाज येऊन ठिणगी दिसते. आत धातूचं काहीही नसतं. आणि हॉटेलच्या पार्सलचे प्लॅस्टिकचे डबे आत चालतात का? एकाने हो सांगितलं, एकाने नाही.

तर्रीबाज:

आधी कारण बघू, मग वेळेचं गणित आपोआप सुटेल. मायक्रोवेव्ह "आतून बाहेर" शिजवतो ही समजूत चुकीची आहे. लहरी अन्नात साधारण दोन-तीन सेंटिमीटर शिरतात, त्यापुढचा भाग नेहमीसारखाच बाहेरची उष्णता आत झिरपून तापतो. त्यात बर्फ या लहरी जवळजवळ शोषत नाही आणि पाणी भरपूर शोषतं. त्यामुळे कडेला चमचाभर पाणी सुटलं की पुढची सगळी उष्णता तेच पाणी ओढून घेतं. कडा शिजतात आणि गोळा गोठलेला राहतो तो यामुळे. फुल पॉवरवर डीफ्रॉस्ट कधीच होत नाही.

आता गणित. अर्धा किलो चिकनमध्ये पाऊण भाग पाणी धरा, म्हणजे ३७५ ग्रॅम. तेवढा बर्फ नुसता वितळवायला ग्रॅममागे ३३४ ज्यूल, म्हणजे सव्वा लाख ज्यूल लागतात. तुमच्या मशीनवर ३०% पॉवर म्हणजे २४० वॅट. या हिशेबाने पावणेनऊ मिनिटं होतात, आणि उणे १८ पासून शून्यापर्यंत यायला वर मिनिटभर. म्हणजे १० मिनिटांच्या आत काम उरकायचं ठरवलं की कडा शिजणारच.

असं करा: प्लॅस्टिकची पिशवी आणि थर्माकोलचा ट्रे काढून टाका. चिकन पसरट काचेच्या भांड्यात ठेवा, खाली उलटी बशी घाला म्हणजे सुटलेलं पाणी तुकड्यांना लागून राहणार नाही. तेच गरम पाणी खालची बाजू शिजवतं. ३०% वर ३ मिनिटं, मग उलटवा. परत ३ मिनिटं. आता तुकडे सुटायला लागतात, ते हाताने वेगळे करा, मऊ झालेले बाहेर काढा आणि उरलेले गोल मांडा. जाड भाग बाहेरच्या बाजूला, निमुळती टोकं मध्याकडे. मग दीड-दीड मिनिटाने बघत जा. मध्ये थोडा बर्फकण लागतोय अशा अवस्थेत थांबवा आणि १० मिनिटं बाहेर झाकून ठेवा, उरलेलं आपोआप सुटतं. पूर्ण मऊ होईपर्यंत आत ठेवणं हीच सर्वात जास्त होणारी चूक.

खिमा असेल तर दर दोन मिनिटांनी वरचा सुटलेला थर चमच्याने खरवडून बाजूला काढा, नाहीतर बाहेर खिमा शिजून चुरा होतो आणि आत विटेसारखा गोळा. पापलेट-सुरमईच्या तुकड्यांना २०-३०% वर एकूण ३-४ मिनिटं पुरतात. कोळंबी मायक्रोवेव्हमध्ये घालूच नका, ती मिनिटात रबर होते. बंद पिशवीत घालून गार पाण्यात १५-२० मिनिटं ठेवली की झालं.

मॅरिनेट केलेल्याचं कारण मीठ. खारट पृष्ठभाग लहरी जास्त जोरात शोषतो, त्यामुळे त्या आत शिरायच्या आधीच बाहेर उष्णता होते. मसाला लावून गोठवायचंच असेल तर ते रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सोडवा, म्हणजे बर्फ सुटू द्या.

आणि मुळात गोठवतानाच पिशवी दाबून दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची चपटी करा. गोळा करून ठेवलेल्या चिकनला कुठलंच सेटिंग न्याय देऊ शकत नाही.

झणझणीत_२७:

एवढी उठाठेव कशाला? आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवा. चिकन मायक्रोवेव्हमध्ये डीफ्रॉस्ट करणं असुरक्षितच आहे, जंतू वाढतात.

तर्रीबाज:

फ्रिजमध्ये सोडवणं सर्वांत चांगलं, यात वादच नाही. एक ताट खाली ठेवा म्हणजे रक्ताचं पाणी भाजीवर पडणार नाही. पण "असुरक्षितच" हे पटत नाही. ५ ते ६० अंश सेल्सियसच्या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात, आणि मायक्रोवेव्हमध्ये काही भाग त्या पट्ट्यात जातोच. म्हणून नियम एकच: मायक्रोवेव्हमध्ये सोडवलेलं मांस लगेच शिजवायचं. संध्याकाळसाठी दुपारी सोडवून ठेवायचं नाही, कच्चं परत गोठवायचं नाही. शिजवून गोठवलं तर चालतं. ओट्यावर तीन-चार तास उघडं ठेवून सोडवणं यापेक्षा कितीतरी वाईट, आणि ते मात्र सर्रास चालतं.

घाई असेल तर तिसरा मार्ग: गळणार नाही अशा पिशवीत घालून गार पाण्यात बुडवा, पाणी दर अर्ध्या तासाने बदला. अर्धा किलोला तासभर लागतो. गरम पाणी नको.

खटका_बटण:

ठिणग्यांचं सांगतो. उजव्या भिंतीवर बोटभर जाडीच्या चौकटीत राखाडी-तपकिरी पुठ्ठ्यासारखं काहीतरी दिसेल, ते मायका शीट. मॅग्नेट्रॉनमधून (लहरी तयार करणारा भाग) लहरी तिथूनच आत येतात. तिच्यावर तेल-मसाल्याचे शिंतोडे बसले की ते जळून कोळसा होतो, कोळसा वीज वाहून नेतो, आणि तिथेच ठिणगी पडते. एकदा काळा डाग पडला की तो वाढतच जातो. दुसरी शक्यता म्हणजे आतला रंग उडून पत्रा उघडा पडला आहे किंवा गंजला आहे. टॉर्च मारून दोन्ही बघा. तोपर्यंत मायक्रो मोड वापरू नका.

डब्यांचं: तळाशी त्रिकोणात ५ किंवा 'पीपी' असेल आणि शिवाय लाटांची खूण किंवा 'मायक्रोवेव्ह सेफ' लिहिलं असेल तरच आत घाला. नुसता ५ आकडा पुरेसा नाही, पातळ पार्सल डबे तोही आकडा मिरवतात आणि तेलकट रस्सा तापला की वाकतात. तेल पाण्यासारखं १०० अंशाला थांबत नाही ना. थर्माकोलचे वाडगे आणि मेलामाइनच्या प्लेटा अजिबात नकोत. सोनेरी काठाची कपबशी नको, काठ धातूचा असतो. बोरोसिलिकेट (उष्णता सोसणारी) काच आणि साधी पांढरी चिनी माती उत्तम. बिनग्लेझची मातीची भांडी पाणी शोषतात, मग अन्नाआधी तीच तापतात.

भांड्याची शंका असेल तर ते रिकामं आत ठेवा, शेजारी कपभर पाणी ठेवा, फुल पॉवरवर एक मिनिट चालवा. पाणी गरम आणि भांडं गार असेल तर पास. भांडं तापलं तर नापास. धातूच्या भांड्यावर ही परीक्षा करायची नाही. शेजारचा पाण्याचा कप विसरू नका, रिकामा मायक्रोवेव्ह चालवला की लहरी उलट मॅग्नेट्रॉनवर जातात.

कन्व्हेक्शन आणि ग्रिलचा घोळही बराच होतो. केकचा ॲल्युमिनियमचा डबा आणि धातूची जाळी फक्त कन्व्हेक्शन किंवा ग्रिलला. मायक्रो किंवा कॉम्बी मोड (मायक्रोसोबत कन्व्हेक्शन किंवा ग्रिल) लागला की बाहेर, अपवाद फक्त मशीनसोबत आलेल्या जाळीचा आणि तोही मॅन्युअलने सांगितलं असेल तरच.

कोथिंबीरवडी:

धन्यवाद! मायका शीटवर खरंच नाण्याएवढा काळा डाग आहे. नवी मिळेपर्यंत ती काढून चालवलं तर? आणि थोडं विषयाबाहेरचं, फ्रिजमधला भात रोज सकाळी डब्यासाठी गरम केला जातो, काही वाडगे दोन-तीनदा. वाफ येईपर्यंत तापवलं की सगळे जंतू मरतात ना?

खटका_बटण:

काढून चालवू नका. शीट नसली की वाफ आणि तेलाचे कण सरळ वेव्हगाइडमध्ये (लहरी आत आणणारी पत्र्याची वाट) आणि मॅग्नेट्रॉनच्या टोकापर्यंत जातात. दोनशेच्या कामाचं हजारोंचं काम होईल. शीट सुट्या पार्टच्या दुकानात मोठ्या तुकड्यात मिळते. मशीनचा प्लग काढा, जुनी शीट क्लिप दाबून किंवा स्क्रू काढून सोडवा, तीच नव्या शीटवर ठेवून पेन्सिलने आखा आणि कात्रीने कापा. खाच आणि भोक जिथल्या तिथे आलं पाहिजे. मागची जागा ओलसर कपड्याने पुसून कोरडी करा. जुनी शीट उलटी करून लावणं हा तात्पुरता उपायही नाही, कोळसा आरपार गेलेला असतो.

मात्र बाहेरचं कव्हर कुणीही उघडू नका. आत दोन हजार व्होल्टच्या वरचा कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) असतो आणि प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो. हे काम मेकॅनिकचंच.

आणि प्लग १६ अँपिअरच्या सॉकेटमध्येच. ८०० वॅट ही अन्नाला मिळणारी पॉवर, भिंतीतून मशीन बाराशेच्या पुढे ओढतं, कन्व्हेक्शनवर त्याहून जास्त. मिक्सरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावलं की बोर्डाची पिन वितळते.

साखरभात:

भाताबद्दल मी लिहिते, कारण इथे वाफ येणं पुरेसं नसतं. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही टिकतात. भात ओट्यावर तासन् तास कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात. उलट्या घडवणारं ते विष उकळीनेही नष्ट होत नाही. म्हणजे चूक रात्रीच झालेली असते, सकाळी कितीही तापवा. भात झाल्यावर मोठ्या पातेल्यात ठेवू नका, ताटात पसरून गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यासारखा उकाडा असेल तर तासाभरातच. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढाच वाडग्यात काढून एकदाच तापवा. तापवून उरलेला परत आत ठेवायचा नाही.

तापवण्याची पद्धत: वाटीभर भातावर एक मोठा चमचा पाणी शिंपडा, झाकण सैल ठेवा, फुलवर एक मिनिट, खालीवर करा, परत अर्धं-पाऊण मिनिट, मग मिनिटभर झाकूनच राहू द्या. मध्यभाग ७४ अंशांपर्यंत गेला पाहिजे. प्रोब थर्मामीटर असेल तर उत्तम, नसेल तर वाडग्याच्या तळातला घास मधून घेऊन बघा, कडेचा नव्हे. चिकनच्या रश्श्यालाही तेच, फक्त तुकडे उलटवा. घट्ट वरण ७०% वर तापवा आणि मध्ये ढवळा, नाहीतर खालची वाफ अडकून सगळं आतल्या भिंतीवर उडतं. मायका शीट खराब होण्याचं मूळ बहुधा तेच असणार. प्लॅस्टिकचं जाळीदार झाकण दीडशे रुपयांना मिळतं, ते वापरा.

काही गोष्टी मात्र आत घालायच्याच नाहीत. सालासकट उकडलेलं अंडं गरम करायला ठेवाल तर फुटतं, बऱ्याचदा बाहेर काढून चमचा लावताना. अख्खा बटाटा किंवा रताळं काट्याने चार-पाच ठिकाणी टोचूनच ठेवा. फोडणीसाठी तेल तापवू नका. तेल लहरी कमी शोषतं म्हणून वेळ वाढवला जातो, आणि मग ते कुठल्या तापमानाला गेलंय ते कळतच नाही. तान्ह्या बाळाची दुधाची बाटली तर नकोच, बाटली हाताला कोमट लागते आणि मधला घोट जीभ भाजणारा असतो. गरम पाण्याच्या भांड्यात बाटली धरा.

नुसतं पाणी गुळगुळीत काचेच्या कपात जास्त वेळ तापवलं तर ते न उकळता शंभराच्या वर जातं आणि कॉफीची पूड पडताच अंगावर उसळतं. कपात लाकडी चमचा ठेवा, शिट्टी झाल्यावर अर्धं मिनिट थांबा, मग काढा.

तर्रीबाज:

एक भर. शेंगदाणे भाजताना भुकेपेक्षा जास्त घाई होते, म्हणून सांगतो: पाव किलो, फुलवर २ मिनिटं, ढवळा, मग एकेक मिनिट. ते आतून आधी जळतात, वरून गोरेच दिसतात. वास आला की थांबा, बाहेरही थोडा वेळ भाजत राहतात. आतमध्ये काही पेटलंच तर दार उघडू नका, प्लग काढा आणि विझेपर्यंत थांबा.

झणझणीत_२७:

दारातून लहरी बाहेर येतात का, ते बघायला आत मोबाईल ठेवून रिंग देऊन बघायचं, असं व्हॉट्सॲपवर येतं. ते खरं का?

खटका_बटण:

नाही. मोबाईलला अतिशय क्षीण सिग्नलही पुरतो, त्यामुळे चांगल्या मशीनमध्येही रिंग वाजते. गळतीची मर्यादा दारापासून ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट अशी असते, ती मीटरनेच मोजतात. घरी बघायचं ते असं: दार बंद केल्यावर हलतं का, बिजागरी सैल आहे का, कडेच्या पट्टीवर अन्न वाळून बसलंय का, जाळीला भोक पडलंय का. यातलं काही असेल तर मशीन बंद ठेवा. नसेल तर चिंता नको, आणि मोबाईल आत विसरून चुकून स्टार्ट दाबू नका म्हणजे झालं.