‘चार मिती’ : पण कोणत्या चार?

प्रश्न : ‘चार मितींच्या विश्वात ग्रह सूर्याभोवती टिकणार नाहीत’ असे वाक्य एका लेखात वाचले. काळ ही चौथी मिती मानली, तर आपलेच विश्व चार मितींचे ठरते आणि ग्रह तर सुखाने फिरत आहेत. येथे ‘परिमाण’ हा शब्द वापरल्यास गोंधळ टळेल काय?

प्रतिसाद : टळणार नाही, उलट वाढेल. सदिश राशीला परिमाण आणि दिशा असते असे आपण शाळेत शिकतो, त्यामुळे तो शब्द आधीच गुंतलेला आहे. ‘मिती’च ठेवावी, भूमिती आणि त्रिकोणमितीच्या पंगतीत ती शोभतेही. लेखकाला अभिप्रेत आहेत चार स्थलमिती (लांबी, रुंदी, उंची यांसारख्या जागेच्या स्वतंत्र दिशा) आणि एक कालमिती, आणि ते त्याने तसे लिहायला हवे होते. तीन स्थलमितींत सूर्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की त्या अंतरावरच्या कल्पित गोलाचे पृष्ठफळ चौपट होते, म्हणून ओढ पाव उरते. चार स्थलमितींत तेच पृष्ठफळ आठपट होते, म्हणून ओढ एक अष्टमांश उरते. भौतिकशास्त्रज्ञ पॉल एरेनफेस्ट यांनी १९१७ मध्ये दाखवून दिले, की अशा ठिकाणी वर्तुळाकार कक्षेतल्या ग्रहाला किंचित धक्का बसला, तरी तो सूर्याकडे कोसळत जाईल किंवा कायमचा दुरावेल.

दुसरा प्रतिसाद : स्थलमिती दोनच असतील तर ‘गुरुत्वाकर्षण’ हा शब्दही जपून वापरावा. न्यूटनच्या धर्तीवर हिशेब केल्यास दुप्पट अंतरावर ओढ निम्मी होते. परंतु गुरुत्व म्हणजे स्थल-काळाची वक्रता असे मानणारी आइन्स्टाइनची समीकरणे दोन स्थलमिती व एक कालमिती घेऊन मांडली आणि विश्वस्थिरांक (रिकाम्या जागेलाही मुळातच वक्रता देणारी त्या समीकरणांतली संख्या) शून्य धरला, तर रिकाम्या जागेला वक्रताच राहत नाही. वस्तुमानाभोवतीची जागा, पाचर कापून कडा जोडलेल्या कागदासारखी, शंकूच्या आकाराची होते. स्थिर वस्तू एकमेकींना ओढत नाहीत आणि गुरुत्वीय लहरीही संभवत नाहीत. आकर्षणच नसल्याने तेथे नुसते ‘गुरुत्व’ म्हणणे मला अधिक रास्त वाटते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मग दोन कालमितींच्या विश्वाला ‘दोन काळांचे विश्व’ म्हणता येईल काय?

प्रतिसाद : म्हणू नये, मराठी वाचकाला त्यात व्याकरणातले भूतकाळ व भविष्यकाळ दिसतील. (जुन्या पत्रांत ‘मिती’ म्हणजे तिथी, हा आणखी एक फाटा.) शिवाय कालमिती दोन असल्या, की भविष्याकडची दिशा हळूहळू वळवत भूतकाळाकडे नेता येते, त्यामुळे ‘आधी’ आणि ‘नंतर’ हे सर्वांना समान राहत नाहीत. अशा विश्वाच्या वर्णनात ‘कालक्रम’ हा शब्द तर टाळावाच.