मायफर्ड लेथचे सुटे भाग: कुणाला माहिती आहे का?

प्रेषक: मंदार (डर्बी)

नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळाच्या मेलवर विषय जरा आडवळणाचा आहे, सांभाळून घ्या. शेजारच्या आजींनी त्यांच्या यजमानांच्या शेडमधला लेथ मला देऊन टाकला. मायफर्ड एमएल७. "भंगारात जाण्यापेक्षा वापरणाऱ्याकडे जाऊ दे," म्हणाल्या. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. लेथला शेवटचा हात लावला तो कॉलेजच्या पहिल्या वर्षी, आणि तेव्हाही जॉब वर्कशॉपच्या मामांनीच पुरा करून दिला होता.

मोटर फिरते, आवाजही बरा आहे. पण बॅकगिअरच्या (मंद गतीसाठी लावतात त्या गिअरच्या) मोठ्या चाकाचे लागोपाठचे दोन दाते उडालेत, आटे पाडताना बदलून लावायच्या चेंज गिअरच्या संचात ३८ दात्यांचा गिअर नाही, पट्टा चिरलाय, आणि टूल आडवं सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडचं हँडल पाव फेरा फिरवलं तरी टूल जागचं हलत नाही. एका विक्रेत्याने या सगळ्याचा जो आकडा सांगितला त्यात नवा चिनी मिनी लेथ येईल. कोल्हापूरला माझे मेहुणे असतात, त्यांची उद्यमनगरातल्या कारखान्यांत ओळख आहे. दोन्ही गिअर तिथूनच करून आणावेत का?

मंदार

---

प्रेषक: अंजली (कमिटी)

मंडळी, प्रसादाच्या याद्या कृपया वेगळ्या विषयाखाली पाठवा. कालपासून दोघांनी लेथच्या मेलला उत्तर म्हणून उकडीच्या मोदकांचा आकडा कळवलाय.

---

प्रेषक: वसंत (नॉटिंगहॅम)

चि. मंदार,

आधी एक सांगतो, लेथ विकायचा नाही. आमच्या गावाला लागून बीस्टन आहे, तिथे हा बनला. एमएल७ निघाला १९४६ मध्ये आणि इथे ब्रिटनमधल्या निम्म्या हौशी शेडमध्ये तोच दिसेल असा खपला. मूळ कंपनी २०११ मध्ये बंद झाली, पण नाव आरडीजी टूल्सने घेतलं आणि ते आजही भाग विकतात. शिवाय जुने लेथ खोलून सुट्ट्या भागांवर विकणारे आहेतच. म्हणजे भाग मिळतात. लोकांचे पैसे जातात ते चुकीचा भाग मागवल्यामुळे.

म्हणून पहिल्यांदा बेडवर ठोकलेला नंबर शोध. K ने सुरू होत असेल तर एमएल७, SK असेल तर सुपर ७, KR असेल तर एमएल७-आर. टोपणावर काय लिहिलंय त्यावर जाऊ नकोस, टोपणं बदललेली असतात. एमएल७ चा स्पिंडल (मुख्य फिरता दांडा) व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूच्या दुभंगी बेअरिंगमध्ये फिरतो, सुपर ७ ला पुढे निमुळतं ब्राँझ बेअरिंग आणि मागे बॉल बेअरिंग. एकाचं दुसऱ्याला चालत नाही.

आता ते दोन दाते. ते झिजून गेलेले नाहीत, कुणीतरी मोडलेत. चक (जॉब पकडणारा भाग) स्पिंडलवर घट्ट बसला की लोक बॅकगिअर लावतात आणि बुल गिअरची, म्हणजे त्या मोठ्या चाकाची, पुलीशी जोडणारी किल्लीही तशीच ठेवतात. स्पिंडल जॅम होतो. मग चकच्या जबड्याला पहार लावून हिसका देतात, आणि तो सगळा जोर येतो एकदोन दात्यांवर. तुझ्याकडे हेच झालं असणार. तेव्हा मला आधी हे सांग, चक निघतो का? निघत नसेल तर नवा बुल गिअर आणून उपयोग काय, पुढच्या वेळी तोही जाईल.

३८ च्या गिअरची घाई नाही. तो इंचाला १९ आटे पाडायला लागतो, म्हणजे पाव आणि ३/८ इंची बीएसपी पाइपचे आटे. तुला पाइप फिटिंग करायचं आहे का? नसेल तर तो नसल्याने तुझं काही अडत नाही.

कोल्हापूरला काम उत्तम होईल, त्यात शंका नाही. पण गाळ्यावर पहिला प्रश्न येईल, मॉड्यूल (दात्याचं मिमीतलं माप) किती? मायफर्डचे चेंज गिअर २० डीपीचे (व्यासाच्या इंचामागे २० दाते), म्हणजे मॉड्यूल १.२७. तिथे सव्वाचा कटर हाताशी असेल आणि "चालतंय की" म्हणून त्यानेच दाते पाडून देतील. ३८ दात्यांचा २० डीपी गिअर बाहेरून बरोबर २ इंच भरतो, ५०.८ मिमी. सव्वा मॉड्यूलचा ५० मिमी भरेल. हातात घेतलास तर फरक कळणार नाही, जोडीला लावलास की खडखडेल. दात्याचा दाबकोनही (दात्याच्या बाजूचा उतार) साडेचौदा अंश आहे, हल्ली सर्रास वीस असतो. मेहुण्यांना सांगायचंच तर दाते, डीपी आणि दाबकोन हे तीन आकडे कागदावर लिहून दे आणि सोबत नमुन्याला संचातला एक गिअर पाठव.

नटबोल्टचंही तेच. यात बीएसएफ, बीएसडब्ल्यू आणि बीए हे जुने ब्रिटिश आटे आहेत. पाव इंची बीएसएफला इंचाला २६ आटे, अमेरिकन यूएनएफला २८. दोनतीन फेरे गोडीत जातो, मग पाना लावला की भोकातले आटे जातात. डब्यातले जुने स्क्रू फेकू नकोस.

वसंतकाका

---

प्रेषक: स्मिता (लेस्टर)

काकांच्या म्हणण्यात थोडी भर. ३८ चा गिअर नायलॉनमध्ये ३डी प्रिंट करता येईल. आमच्या घरी प्रिंटर आहे, मी काढून देते. डीपी आणि दाबकोन काकांनी दिलेच आहेत, मला फक्त तुझ्याकडच्या एखाद्या गिअरच्या भोकाचं आणि चावीच्या खाचेचं माप कॅलिपरने घेऊन पाठव. जाडी ३/८ इंच. हौशी कामात आटे पाडताना चेंज गिअरवर फार जोर येत नाही, त्यामुळे चालून जातो, आणि काही अडकलंच तर आधी हा तुटतो, बाकीची गिअर वाचतात. मला तर तो फायदाच वाटतो. बुल गिअर मात्र प्लास्टिकचा करण्याच्या फंदात पडू नकोस.

---

प्रेषक: शिरीष (कॉव्हेंट्री)

पट्ट्याबद्दल लिहितो, कारण माझ्याकडेही हाच लेथ आहे. सबंध पट्टा घालायचा तर स्पिंडल बाहेर काढावा लागतो. त्यापेक्षा कड्यांचा लिंक बेल्ट घे. हवा तेवढा लांब करून जागेवरच जोडता येतो, आणि आवाजही कमी. व्हाइट मेटलच्या बेअरिंगला उगाच हात लावू नये या मताचा मी आहे.

---

प्रेषक: मंदार (डर्बी)

वसंतकाका, नंबर सापडला, K नेच सुरू होतो. आणि चक खरंच निघत नाही! जबड्यावर पहारेच्या खुणासुद्धा आहेत. स्मिताताई, मापं आज रात्री पाठवतो.

क्रॉस स्लाइडचं काय करू? नुसता नट बदलून भागेल का? नट स्वस्त आहे, स्क्रू महाग. आणि बॅकगिअर होईपर्यंत लेथ बंदच ठेवायचा का?

---

प्रेषक: वसंत (नॉटिंगहॅम)

मंदार,

बंद कशाला? तुटलेले दाते बॅकगिअर लावल्यावरच कामाला येतात. किल्ली लावून सरळ पट्ट्यावर चालव, फक्त मंद गती मिळणार नाही. ठिबक तेलदाण्या आधी भर. आयएसओ ३२ चं हायड्रॉलिक तेल घाल, गाडीचं इंजिन ऑइल नको.

क्रॉस स्लाइडला पाव फेरा म्हणजे बराच आहे. स्क्रू इंचाला १० आट्यांचा, तेव्हा २५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) झाले. पण हा ढिलेपणा तू कुठे मोजलास? स्लाइड मधोमध असताना मोज, मग पार मागे नेऊन मोज. दोन्हीकडे सारखा आला तर नट झिजलाय, नुसता नट बदल. मध्ये जास्त आणि टोकाला कमी आला तर स्क्रू मध्येच झिजलाय, कारण सगळं काम तिथेच होतं. अशा स्क्रूवर नवा नट मध्ये ढिला राहील आणि टोकाला आवळेल. मग दोन्ही घ्यावे लागतील. मागवताना डावे आटे आहेत हे बघून घे.

शिरीषचं लिंक बेल्टचं म्हणणं एरवी पटलं असतं. पण तुला बुल गिअर बदलायचाय, तो स्पिंडलवरच बसतो, म्हणजे स्पिंडल काढायचाच आहे. तेव्हाच सबंध पट्टा घाल, पैसेही वाचतील. बेअरिंगच्या टोप्यांखाली पापुद्र्यांचे शिम (पातळ पट्ट्या) आहेत, ते कुठल्या बाजूचे कुठे हे खुणा करून ठेव. सोलू नकोस.

चकसाठी आधी दोन दिवस झिरपणारं तेल सोड. मग स्पिंडलच्या डाव्या तोंडातून पसरणारा मँड्रेल (भोकात आतून फुगून घट्ट बसणारा दांडा) घालून स्पिंडल तिथे धरायचा आणि चकमध्ये जाड षटकोनी सळई पकडून तिला झटका द्यायचा. जोर स्पिंडलवर येतो, दात्यांना धक्का लागत नाही. नुसती ताकद लावून ढकलत बसू नकोस. निघाल्यावर स्पिंडलचे आटे ब्रशने साफ कर, एक थेंब तेल लाव आणि मगच परत चढव. कोरडा चढवला की पुन्हा असाच बसतो.

मँड्रेल माझ्याकडे आहे. रविवारी नाटकाच्या तालमीला हॉलवर येतोय, घेऊन येतो. बुल गिअरची ऑर्डर चक निघाल्यानंतरच दे.

---

प्रेषक: मंदार (डर्बी)

काका, मध्ये पाव फेरा, टोकाला जेमतेम जाणवतो. म्हणजे स्क्रू आणि नट दोन्ही. मेहुण्यांना तूर्त नाही कळवत. रविवारी भेटू, आणि मोदकांत माझे अकरा धरा. हे अंजलीताईंना वेगळ्या विषयाखालीही पाठवतो.