सोरायसिसचं नवं इंजेक्शन: "गंभीर संसर्ग शून्य" याचा अर्थ काय घ्यायचा?

पिंपळपान: चाचणीचा आराखडा असा धरा: पहिले १६ आठवडे औषध विरुद्ध प्लासिबो (औषध नसलेलं, पण तसंच दिसणारं इंजेक्शन), मग सगळ्यांनाच औषध. औषधगटात ९०० जण, १६ आठवड्यांत गंभीर संसर्ग एकही नाही. औषध सुरक्षित म्हणायचं का?

मोजपट्टी: इतक्यात नको. ९०० जणांत घटना एकदाही दिसली नाही, तर खरं प्रमाण ३ भागिले ९००, म्हणजे ३०० त १ पर्यंत असू शकतं (९५ टक्के खात्रीने). तेही फक्त १६ आठवड्यांपुरतं. सोरायसिसचंच औषध इफालिझुमॅब आठवा: २००३ मध्ये अमेरिकेत मान्यता, २००९ मध्ये बाजारातून मागे. कारण पीएमएल, हा मेंदूचा जीवघेणा विषाणूसंसर्ग. खात्रीने निदान झालेले रुग्ण तीन वर्षांहून जास्त काळ औषधावर होते. १६ आठवड्यांत ते दिसणार कुठून?

रुग्णवर्ष: टक्केवारीवरही जाऊ नका. समजा, ४०० जण ५२ आठवडे औषधावर, घटना ८, म्हणजे २ टक्के. २०० जण १६ आठवडे प्लासिबोवर, घटना २, म्हणजे १ टक्का. औषध दुप्पट वाईट वाटतं. आता काळ धरा, म्हणजे रुग्ण-वर्षं (एक रुग्ण एक वर्ष = एक रुग्ण-वर्ष) मोजा: औषधगटात ८ भागिले ४०० रुग्ण-वर्षं म्हणजे शंभरामागे २; प्लासिबोत २०० जणांचे १६ आठवडे म्हणजे साधारण ६१.५ रुग्ण-वर्षं, २ भागिले ६१.५ म्हणजे शंभरामागे ३.२५. चित्रच उलटलं! अर्थात दोन घटनांवरचा आकडा डळमळीतच. शिवाय चट्टे वाढले की प्लासिबोवाले मध्येच सोडून जातात; त्यांचा काळ सोडल्या दिवसापर्यंतच मोजायचा.

पिंपळपान: औषध आयएल-१७ (दाह वाढवणारं शरीरातलं प्रथिन) अडवणारं असेल तर खास काय बघू?

मोजपट्टी: तोंडातला आणि गुप्तांगाचा कॅन्डिडा (बुरशीचा संसर्ग), न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी कमी होणं, आणि क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्याच्या दाहाचे आजार नव्याने होणं वा उसळणं. "जुलाब" एवढीच नोंद असेल तर किती दिवस, रक्त होतं का, कॅलप्रोटेक्टिन (आतड्याचा दाह दाखवणारी शौचाची तपासणी) केलं का, हे शोधा. कोलायटिस अशा नोंदीत सहज दडतो.

रुग्णवर्ष: आणि कोणाला घेतलंच नाही ते आधी वाचा. सक्रिय क्षय, हिपॅटायटिस बी, अलीकडचा कॅन्सर असलेले सहसा वगळलेले असतात. दवाखान्यात मात्र तेच समोर येतात. आधीची औषधं कधी थांबवली तेही बघा. पोटातून घेतलेलं स्टिरॉइड एकदम बंद केलं की पू-फोडांचा सोरायसिस उसळू शकतो, आणि ते खापर नव्या औषधावर फुटतं.