नवं मशीन मालकाचं, मग ते शिकायचा वेळ कोणाचा?

हिंगणा_फिटर
कंपनीत नवं मशीन आलं की नोटीस लागते, कामगारांनी काळाबरोबर बदलावं. बदलायला आमची ना नाही. माझं म्हणणं एवढंच, की जे शिकल्याने फायदा कंपनीला, दवाखान्याला किंवा कॉलेजला होणार, ते शिकायचा वेळ ड्युटीत धरा आणि त्याचा पगार द्या.

आमच्याकडचंच सांगतो. साध्या लेथवर, म्हणजे हाताने चालवायच्या धातू कापणाऱ्या मशीनवर, आयुष्य गेलेल्या माणसाला धातू कळतो. टूल बोथट झालं की आवाजावरून त्याच्या लक्षात येतं. त्याला येत नाही ते सीएनसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं, प्रोग्रॅम आणि ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती). मशीनवर हात बसू दिला तर काही आठवड्यांत तो सीएनसी चालवतो. उलट प्रोग्रॅम येणारा, पण धातू न कळणारा नवा पोरगा टूलची कापणारी पाती, इन्सर्टमागून इन्सर्ट, तोडतो. म्हणजे जुना माणूस शिकवणं फायद्याचंच आहे. पण मशीन तिन्ही पाळ्यांत प्रॉडक्शनवर, हात बसवणार कधी? सुट्टीच्या दिवशी बोलावून पडद्यावर चित्रं दाखवतात आणि ट्रेनिंग झालं म्हणून सही घेतात.

कायदा काय म्हणतो तेही बघा. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत कामगारांना नवं कौशल्य शिकण्यासाठी निधी आहे. कपात केलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांचा पगार त्यात भरायचा आणि ४५ दिवसांत तो कामगाराच्या खात्यात जायचा. शिकायला पैसे मिळतात, पण नोकरी गेल्यावर! तेच पंधरा दिवस नोकरी असताना मशीनसमोर द्या, असं माझं मत आहे.

बुटीबोरीकर
भाऊ, मी लहान कारखानदार आहे, मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवतो. तुम्ही सगळे मालक एकाच रांगेत उभे केले. सीएनसी बँकेच्या कर्जावर येतं आणि हप्ता माणूस शिकेपर्यंत थांबत नाही. लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यावं असा कायदा २००६ पासून आहे. मोठी कंपनी कधी देते ते लहान शेडवाल्याला विचारा. वर मी पगार देऊन शिकवलेला ऑपरेटर थोडे पैसे जास्त मिळाले की शेजारच्या शेडमध्ये जातो. मग माझा खर्च कोणी भरायचा?

आणि नागपूरकरांनी तरी आपली एम्प्रेस कापड मिल विसरू नये. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी सुरू केली. सूत कातायचं रिंग स्पिंडल तेव्हा नवीन होतं, इंग्लंडातले लँकेशायरचे गिरणीवालेही बिचकत होते, तेव्हा इथे लावून पाहिलं. मिल सांभाळायला आणलेले बेझनजी मेहता रेल्वेतले, कापडाचा गंधही नव्हता, तरी शिकले. पुढे नवं घेणं थांबलं, मिल सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. आज त्या जागेवर मॉल आहे. आधी कारखाना टिकू द्या, मग पगारी शिक्षणाचं बोलू.

हिंगणा_फिटर
एम्प्रेसची अर्धीच गोष्ट सांगितली तुम्ही. त्याच मिलमध्ये १८८६ मध्ये पेन्शन फंड सुरू झाला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. तेव्हा कोणत्याही कायद्याची सक्ती नव्हती. नवं यंत्र आणि माणसाची काळजी एकाच मालकाने एकाच छपराखाली केली आणि मिल त्या काळात भरभराटीला आली.

महालचे_काका
मी सरकारी कचेरीतून निवृत्त झालो. २००१ मध्ये एमएस-सीआयटी ही कॉम्प्युटरची परीक्षा आली आणि पुढे ती आम्हाला सक्तीची झाली, तेव्हा कचेरीत मोठी घबराट होती बाप्पा. टाइपरायटरवर बोटं घासलेली माणसं, पन्नाशी गाठलेल्या बाया, सगळ्यांनी संध्याकाळचा क्लास लावला. फी खिशातून भरली. नातवंडांकडून माउस धरायला शिकले आणि पास झाले. पगारी वेळ कोणी मागितला नाही. तुम्ही लोक प्रत्येक गोष्ट हातात आणून द्या म्हणून राहिले. शिकलेलं शेवटी ज्याचं त्याच्याजवळ राहते, कंपनी ते काढून घेत नाही. मग खर्चही ज्याचा त्याने करावा.

तासिकावाली
काका, तुमच्या पिढीची मेहनत मान्य. पण क्लासला जाताना तुमचा पगार चालू होता. मी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. वर्गात उभी राहिले तेवढ्याच तासांचे पैसे मिळतात.

नवीन शैक्षणिक धोरण २०२० चं. आमच्या वर्गात ते आलं तेव्हा मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), खुले ऐच्छिक विषय, भारतीय ज्ञान प्रणाली, क्षेत्र प्रकल्प असं सगळं एकदम आलं. जो पेपर मी स्वतः कधी शिकले नाही तो शिकवायचा. पुस्तकं शोधायची, टिपणं काढायची, हे सगळं घरी, बिनपैशाचं. कार्यशाळेला गेले तर त्या दिवसाच्या तासिका बुडतात, म्हणजे शिकायला जायचे पैसे मीच भरते. कायम प्राध्यापकाला त्याच कार्यशाळेसाठी कर्तव्यरजा मिळते. एकाच स्टाफरूममध्ये बसून हे बघायचं. धोरणाला माझा विरोध नाही. विद्यार्थ्याला विषय निवडता यावा हे मला मनापासून पटतं. पण वर्गात ते उतरवणाऱ्या माणसाचा हिशेब कोणीच केलेला नाही.

रात्रपाळी_सिस्टर
दवाखान्यात तर याची किंमत पेशंट मोजतो. मी नोकरी करते तिथे औषध थेंबाथेंबाने सोडणारे नवे पंप आले. कंपनीचा माणूस सकाळच्या पाळीला दाखवून गेला. रात्रपाळीला कोणीच नाही, आम्ही एकमेकींना विचारत शिकलो. त्या पंपावर दशांशाचा एक टिंब चुकला तर दहापट औषध जातं. कॉम्प्युटरचंही तेच. नोंद कॉम्प्युटरवर करा आणि जुनं रजिस्टरही भरा. काम दुप्पट झालं, सिस्टर तेवढ्याच.

विदर्भात आणखी एक मोठं काम आहे, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू झालं, २०४७ पर्यंतचं लक्ष्य आहे. गावात पहिली होते ती विद्राव्यता चाचणी, सॉल्युबिलिटी. ती रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते. माणूस रुग्ण आहे की फक्त वाहक (दोष पुढच्या पिढीत देऊ शकणारा, पण स्वतः आजारी नसलेला), हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या प्रयोगशाळेतल्या चाचण्या केल्याशिवाय कळत नाही. एवढं समजून घ्यायला नव्या कार्यकर्तीला वेळच दिला नाही, तर ती वाहक असलेल्या धडधाकट मुलीला 'तुला सिकलसेल आहे' म्हणून सांगेल. गावात त्या मुलीचं लग्न ठरेल का? मशीन चांगलं, औषध चांगलं, योजनाही चांगली. पण सांगणारीला शिकवायचे चार दिवस वाचवले, तर सगळं त्या पोरीवर येऊन पडतं.

महालचे_काका
सिस्टर, दवाखान्याचं मी मानतो. तिथे जीव आहे, तिथे सरकारने वेळ दिलाच पाहिजे. पण लेथ आणि पंप एका तराजूत नका घालू. फिटरने शिकलेलं तो बाजारात विकू शकते, जास्त पगार घेऊ शकते.

रात्रपाळी_सिस्टर
लेथवर बोटं जातात काका. अपघात विभागात रात्री कंपनीतून आलेले हात मी बघते. मशीन नवीन होतं, असं सोबत आलेला माणूस कितीदा तरी सांगतो.

बुटीबोरीकर
यावर वाद घालणार नाही. सुरक्षेचं ट्रेनिंग पगारीच हवं आणि माझ्याकडे ते तसंच आहे. राहिला प्रश्न बाकीच्याचा. एकट्या लहान शेडला मशीन शिकवण्यासाठी थांबवणं परवडत नाही, पण चार-पाच शेड मिळून एक जुनं सीएनसी घेऊन ठेवता येईल. आयटीआयच्या निदेशकाला मानधन देऊन बोलावता येईल. त्या तासांचा पगार मी देतो. पण शिकल्यावर एक वर्ष सोडून जायचं नाही, हे कामगाराने लिहून द्यावं. नाहीतर मी शिकवायचं आणि शेजाऱ्याने माणूस उचलायचा, हे चालणार नाही.

तासिकावाली
लिहून घेणं एकतर्फी होतं. वर्षभर तो अडकला आणि तुम्ही जुनाच पगार दिला तर?

बुटीबोरीकर
पगार कामावर ठरतो. मशीनमधून माल किती निघाला ते बघून वाढ देऊ.

हिंगणा_फिटर
मग तोही आकडा आधी लिहा ना साहेब. एका कागदावर दोन सह्या होऊ द्या. मी वर्षभर जात नाही, आणि मशीन एकट्याने सेट करायला लागलो त्या महिन्यापासून तुम्ही पगार इतका वाढवता. या अटीवर मी उद्या सही करतो, आणि माझ्या पाळीतले बाकीचेही करतील. 'माल बघून देऊ' हे मात्र आम्ही आजवर लय वेळा ऐकलं आहे.

रात्रपाळी_सिस्टर
त्या सामायिक मशीनवर रात्रपाळीवाल्यांची बॅच कधी ठेवणार, तेही त्याच कागदावर लिहा. दिवसभर झोप मोडून शिकायला आलेला माणूस रात्री पुन्हा मशीनवर उभा राहिला, तर तो माझ्याकडेच येईल.