शिकवण्यासाठी अख्खं पुस्तक स्कॅन करणं योग्य आहे का?

पाटीपेन्सिल:
वर्गाच्या ग्रुपवर एका स्वाध्याय-पुस्तिकेची पीडीएफ फिरतेय. मुखपृष्ठापासून उत्तरसूचीपर्यंत सगळी. विचारलं तर ठरलेलं उत्तर, "शिक्षणासाठी चालतं." मला हे पटत नाही. मुद्दा समजावायला चार पानं काढणं वेगळं. ही पुस्तिका विद्यार्थ्यांसाठीच छापतात. त्यांनाच ती फुकट वाटली, तर पुढची कोण लिहिणार?

मधलीसुट्टी:
साफ असहमत. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ वाचा. शिक्षकाने वा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेली प्रत उल्लंघन ठरत नाही. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२मध्ये दिल्ली विद्यापीठावर आणि तिथल्या झेरॉक्सवाल्यावर दावा लावला होता. पुस्तकांतली प्रकरणं झेरॉक्स करून एकत्र बांधलेल्या कोर्स पॅकवरून. सप्टेंबर २०१६मध्ये उच्च न्यायालयाने तो फेटाळला. ज्याला पुस्तक परवडत नाही त्याने शिकूच नये का?

पाटीपेन्सिल:
पुढचं का गाळलंत? त्याच डिसेंबरमध्ये खंडपीठाने दावा पुन्हा सुनावणीसाठी खुला केला. मनाई हुकूम दिला नाही, हे खरं. पण शिकवण्याच्या हेतूला जितकी गरज तितकीच प्रत, ही कसोटी घातली, आणि पूर्ण पुस्तकांच्या प्रतींचं समर्थन होतं का हे पुराव्यावर तपासायला सांगितलं. २०१७मध्ये प्रकाशकांनीच दावा मागे घेतला, त्यामुळे तो प्रश्न तिथेच राहिला.

तळटीप:
मग दहा टक्क्यांची मर्यादा घालून मोकळे व्हा ना.

मुद्रितशोधक:
नको! बारा ओळींच्या कवितेचे दहा टक्के म्हणजे सव्वा ओळ. ती काय शिकवणार? अमेरिकेत 'फेअर यूज', म्हणजे परवानगीशिवाय केलेला रास्त वापर, ठरवताना चार गोष्टी पाहतात: वापराचा हेतू, कृतीचं स्वरूप, घेतलेला भाग आणि बाजारावरचा परिणाम. जॉर्जिया स्टेट विद्यापीठाच्या खटल्यात २०१४मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सरसकट टक्केवारी नाकारली. आपला कायदा वेगळा, पण बाजाराचा प्रश्न इथेही टाळता येत नाही. कविता वर्गात पूर्ण वाचल्याने संग्रहाची गरज संपत नाही. स्वाध्याय-पुस्तिकेची मात्र संपते.

मधलीसुट्टी:
आणि पुस्तक बाजारात मिळतच नसेल तर?

पाटीपेन्सिल:
तिथे मी तुमच्या बाजूने. ही पुस्तिका मिळते, म्हणून तर भांडतेय. नाही परवडत त्यांच्यासाठी शाळेने ग्रंथालयात पाच-सहा प्रती ठेवाव्यात.

मधलीसुट्टी:
पाच-सहा प्रती आणि साठ मुलं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्या कुणाकुणाला देणार?