कंपवातासाठी ‘नेटवर्क’वाली फिजिओथेरपी : जळगावच्या खेपा कराव्यात का?

चोपडेकर : आबा ७१ वर्षांचे, पाच वर्षांपासून कंपवात, म्हणजे पार्किन्सन. हात थरथरतो त्याचं काही नाही, पण उंबरठ्याशी आले की थबकतात. “पाय जमीनले चिकटी जातस,” म्हणतात. गावातला फिजिओ शेक देतो, मशीन लावतो, झालं. आता जळगावात एक जण सांगतोय, आमचं पार्किन्सनचं खास नेटवर्क आहे, १६ बैठकांचं पॅकेज घ्या. एसटीने दीड तास जायला, दीड यायला. त्यात केळीची कापणी तोंडावर. हे पारखायचं कसं?

भुसावळचे मास्तर : भाऊ, बायकोचं नऊ वर्षं करतोय म्हणून सांगतो. पाटीवरच्या नावाला भुलू नका. मूळ कल्पना नेदरलँड्सची, पार्किन्सननेट, २००४ पासूनची. तिथे मोजक्याच थेरपिस्टना शिकवतात आणि रुग्ण त्यांच्याकडेच पाठवतात, म्हणून त्यांचा हात बसतो. तेव्हा आधी हेच विचारा : महिन्याला कंपवाताचे पेशंट किती बघता? आम्हाला एके ठिकाणी उत्तर मिळालं, “सगळेच येतात.” पायरीवरूनच परत फिरलो.

मग बघा, पहिल्या दिवशी मोजतात का. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, सेकंद लिहायचे. ज्याने मोजलंच नाही तो फरक कशावरून सांगणार? आणि वेळ गोळीचा असर असतानाचीच घ्या. आम्ही असर उतरल्यावर पोचायचो. ही तिथे लाकडासारखी, पैसे पाण्यात.

धुळ्याची फिजिओ : मास्तर, नेदरलँड्सचीच २०१० ची ६९९ रुग्णांची चाचणीही सांगा ना! नेटवर्कमुळे खर्च घटला, तब्येतीत फरक दिसला नाही. २०१८ मध्ये विम्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हाड मोडणं, न्यूमोनिया असल्या भानगडी खास थेरपिस्टकडच्या १७ टक्के लोकांना झाल्या, इतरांकडच्या २१ टक्क्यांना. पण ते गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, म्हणून फरक थेरपीमुळेच पडला असं ठाम म्हणता येत नाही.

दादा, चांगला माणूस मिळाला तर चार खेपा करा, घरचा व्यायाम लिहून घ्या, पुढचं व्हिडिओ कॉलवर. शेकाने अडकलेला पाय सुटत नाही. उंबरठ्याअलीकडे पावला-पावलावर रंगीत पट्ट्या चिकटवा.

चोपडेकर : विचारलं. महिन्याला “दोन-तीन”, मोजमाप नाही. पॅकेज राहू दिलं. पट्ट्या लावल्या तर आबा म्हणे, घरात केळी लावताय का? पण ओलांडतात. वळताना मात्र अजून अडकतात, ताई.

धुळ्याची फिजिओ : एका जागी गरकन वळू देऊ नका. बैलगाडी वळवतात तसा मोठा वळसा, पावलं मोठ्याने मोजत.