अनुभव धागा: पावणेतीन वाजले की डोळे टक्क (सातारा-सांगलीकरांनो, या)

पावणेतीन (सातारा)
नमस्कार मंडळी. आत्ता रात्रीचे दोन पन्नास झालेत आणि मी गॅलरीत शाल गुंडाळून बसलेय. समोर अजिंक्यताऱ्यावरच्या टॉवरचा लाल दिवा, खाली गल्लीतली दोन कुत्री, तीसुद्धा झोपलीत. वय ४९, पाळी जायच्या मार्गावर, आणि वर्षभर हे असंच चाललंय. दहाला पाठ टेकली की मेल्यासारखी झोपते आणि पावणेतीनला कुणीतरी हाक मारल्यासारखी उठते, अंगातून वाफा निघतात, पंखा पाचवर केला की ह्यांना थंडी वाजते, मग बंद-चालू बंद-चालू. आणि डोक्यात काय वाट्टेल ते, मुलाची फी, गॅस बंद केला का, १९९८ साली नणंदेला बोललेलं एक वाक्य. डॉक्टर म्हणाल्या या वयात हार्मोन्स खाली येतात त्यानं झोप तुटते, आणि दुपारनंतर चहा बंद करा, त्यातलं कॅफिन पाच-सहा तासांनीही अर्धं अंगातच असतं. केला बंद. चारच्या चहाला नाही म्हणणं म्हणजे काय हे ज्यांच्याकडे शेजारणी येतात त्यांनाच कळेल.

तर उपाय नकोत. पायाला तेल, जायफळाचं दूध, शंभर ते एक उलटे आकडे, सगळं झालंय. तुमची झोप कोण नेतं तेवढं सांगा.

खोरं-बॅटरी (वाळवा)
ताई आमची झोप लाईट नेती. शेतीची लाईट आलटून पालटून, कधी दिवसाची कधी रात्रीची, रात्रीची पाळी असली की बाराला उठायचं. ऑटो बसवलाय, मोटार आपली आपण चालू हुती, पण दारं कोण धरणार, म्हंजे एकेका सरीत पाणी कोण सोडणार, ते काय ऑटोला येत न्हाई. उसाची सरी लांब असली की पाणी शेवटाला जायला अर्धा तास लागतो, तेवढ्यात खोऱ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभ्या उभ्या डुलकी काढायची. पाय मुद्दाम सरीच्या तोंडाला ठेवायचा. पाणी तुंबून घोट्याच्या वर आलं की गार लागतं न जाग येती, म्हंजे सरी भरली, दुसरं दार फोड. आमच्या आण्णांनी शिकवलेलं.

आता बिबट्यापायी ते पण बंद. शिराळा, कराड, सगळीकडं उसात बिबट्या हाय. मग मोबाईलवर कीर्तन मोठ्यानं लावून खिशात ठेवायचं आणि घरातनं मालकीण दर तासाला मिस कॉल देती, मी परत मिस कॉल दिला तर ठीक, न्हाई तर ती भावाला उठवती. म्हंजे एका मोटारीमागं तीन माणसं जागी. सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ ला आली, शेजारच्या फिडरला दिवसा लाईट हाय, ती माणसं रात्री झोपत्यात न सकाळी आमाला सांगत्यात किती झोपली ते.

चार ते बारा
साखर कारखान्यात आहे. पहाटे ४ ते १२, १२ ते ८, ८ ते ४ अशा पाळ्या, आठवड्याला बदलतात, शरीराला कळायच्या आत पुढची येते. शरीरातल्या घड्याळावर २०१७ चं नोबेल मिळालंय तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना, ते कुणीतरी आमच्या टाइमकीपरला सांगा राव. पण खरी गंमत हंगाम संपल्यावर. भोंगा नाही, मिलचा आवाज नाही, पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, पहिले आठ दिवस घरात इतकं शांत वाटतं की मी उठून मिक्सर लावावा की काय असं होतं. बायको म्हणते लावा, खोबरं वाटायचंच आहे.

बाळंतीण
चार महिने झाले. एका हातानं टाइप करतेय. रात्री तीनला आमचं पिल्लू हसतंय आणि सासूबाई म्हणतात गुटीत जायफळाचे दोन वळसे जास्त घाल. बालरोगतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलंय की झोपवायला जायफळ द्यायचं नाही, जास्त झालं तर बाळाला त्रास होतो. आता मी कुणाचं ऐकू? (डॉक्टरांचंच ऐकतेय. पण सासूबाईंना सांगितलेलं नाही.)

मिरजकर वहिनी
आमच्या घरात झोप घोरण्यानं जायची, माझी. ह्यांची मात्र छान होते असंच बारा वर्षं समजत होते. एक दिवस लक्षात आलं की मला जाग घोरण्यानं येतच नाही, घोरणं थांबल्यावर येते. थांबायचं, छाती हलायची पण श्वास नाही, मी भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघत मोजायचे, वीस, पंचवीस, एकदा अडतीस, मग मोठ्ठा आचका देऊन परत सुरू. आणि सकाळी हे म्हणणार, काय मस्त झोप झाली, पण डोकं जड आहे. मग एकदा बाईकवर अंकली फाट्याजवळ पेंग आली, गाडी साईडपट्टीवर उतरली, गुडघा फुटला तेवढ्यावर निभावलं. तेव्हा कुठे टेस्टला तयार झाले. रात्रभर वायरी लावून झोपवतात, तासाला किती वेळा श्वास अडला ते मोजतात. पाचच्या आत असेल तर नॉर्मल, तीसच्या वर म्हणजे गंभीर. ह्यांचे निघाले ४२. म्हणजे दर दीड मिनिटाला एकदा झोपेतून वर यायचे आणि त्यांना पत्ताच नाही! आता मशीन आहे, नाकाला मास्क लावून झोपतात, धाकटी त्यांना पायलट म्हणते. पहिला महिना झोपेत काढून टाकायचे, पट्ट्यांचे वळ गालावर घेऊन ऑफिसला जायचे. आता सवय झाली. कुणाच्या घरी घोरणं मध्येच थांबत असेल तर हसण्यावारी नेऊ नका, एवढा एकच उपाय सांगते, धागाकर्ती माफ करा.

पावणेतीन (सातारा)
वहिनी, माफ. आत जाऊन ह्यांचं ऐकून आले. सलग आहे.

पायरी नंबर सात (सांगली)
कर्नाळ रोडच्या बाजूला राहतो. आमची झोप फक्त ऑगस्टमध्ये जाते पण पूर्ण जाते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे आमच्याकडं पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. २०१९ ला ५७ च्या वर गेलं. आधी सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, मग आम्ही. लाईट गेलेली, आई जिन्यात बसून दर तासाला खडूनं पायरीवर रेघ मारायची आणि वर ओरडून सांगायची, चार बुडाली, पाच बुडाली. सहावीवर पाणी थांबलं, पण लगेच उतरत नाही ना, दोन रात्री नुसती रेघेकडं बॅटरी मारून बघणं. सातवी कोरडी राहिली. घर पुसून रंग दिला तरी आईनं सातव्या पायरीवरची ती रेघ पुसू दिली नाही. आता कोयनेचे दरवाजे उघडले अशी बातमी आली की वडील अंथरुणात पडूनच विचारतात, आयर्विनला किती? रात्री दोनला, साडेतीनला, पाचला. ३१ फूट असलं तरी विचारतात. मी झोपलोय असं समजून हळू विचारतात, आणि मीही जागाच असतो, लगेच सांगतो.

पाटणकर
पाणी नाही, आमच्याकडं जमीन. ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारच्या सुमाराला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आज्जी पंचविशीतली. त्यानंतर ती जाईपर्यंत उशाशी तांब्या आणि त्यावर फुलपात्र पालथं घालून झोपायची, हललं की वाजलं पाहिजे. मी सातवीत असताना ते रात्री वाजलं. सगळं घर, म्हैस धरून, अंगणात. डिसेंबरची थंडी, दात वाजतायत. अर्ध्या तासानं आजोबांनी आत जाऊन बघितलं, उंदीर होता. आज्जी म्हणाली, उंदीर तर उंदीर, वाजलं ना वेळेवर.

वेब डेव्हलपर, मूळचा तासगाव
मी पुण्यात. झोप येत नाही म्हणून मोबाईलवर ॲप घेतलंय, पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज, लावला की दहा मिनिटांत गाढ. ऑक्टोबर छाटणी होऊन आमची द्राक्षबाग फुलोऱ्यात आली होती तेव्हा आबा दवाखान्यासाठी माझ्याकडं आले, एकाच खोलीत झोपलो, मी सवयीनं आवाज सुरू केला. आबा ताडकन उठून बसले, अंधारात पायानं चप्पल शोधायला लागले आणि म्हणाले, ब्लोअर जोड, डाऊनी येतोय. डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, फुलोऱ्यात पाऊस लागला की आमच्याकडं पहाटेच ब्लोअर घेऊन फवारणीला पळावं लागतं, उशीर झाला तर घड जातो. मी लाईट लावली, खिडकीबाहेर चांदणं दाखवलं, मोबाईल दाखवला. आबांनी तो हातात घेतला, कानाशी नेला, बराच वेळ ऐकला.

"ह्याला पैसं भरतोस?"

म्हटलं हो, वर्षाचे.

"बंद कर," म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. झोपले कसले, सव्वातीनला धाकट्याला गावाकडं फोन लावला, आभाळ कसं हाय बघ म्हणून.